माणसांच्या मापाची गल्ली

आमच्या सूनबाईला तिच्या ऑफिसात स्केलबाई म्हणतात. समोर नाही, पाठीमागे; पण मला ते कळलंच. त्यांचा शिपाई एकदा पाकीट द्यायला घरी आला आणि दारातूनच विचारता झाला, "स्केलबाई इथेच राहतात ना?" मी म्हटलं, "इथे स्केलबाई कुणी राहत नाही, माझी सून राहते." बिचारा पाकीट उंबऱ्यावर ठेवून जो गेला तो मागे वळून न बघता. संध्याकाळी सून आल्यावर तिला सांगितलं, तर ती पोट धरधरून हसली. तिला त्या नावाचा राग नव्हताच, मलाच होता. माझा राग कसा गेला ते सांगते.

सून एका आर्किटेक्टच्या ऑफिसात आहे, पण ती इमारती आखत नाही. आखणारे वेगळे. ते कॉम्प्युटरवर काळ्या बारीक रेषांची ड्रॉइंग काढतात. ती गवंड्याला कळतात, इंजिनियरला कळतात. ज्याला त्या इमारतीत राहायचं असतं त्याला मात्र त्यातलं ओ की ठो कळत नाही. म्हणून ते ड्रॉइंग सुनेकडे येतं. ती ते फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये आणते आणि भिंतीला भिंतीचा रंग देते, फरशी घालते, खिडकीतून ऊन आत सोडते, बाकावर माणसं बसवते. मग त्याचे मोठाले फलक छापतात आणि लोक म्हणतात, "अरे वा, असं होणार होय!"

लग्न होऊन आली तेव्हा तिने पुढच्या खोलीतली खिडकीजवळची जागा मागितली. त्या जागी माझं शिवणयंत्र होतं. मी उभा जन्म कोट, विजारी आणि शाळेचे गणवेश शिवण्यात घालवलाय. गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा कुठे थांबले. यंत्र बंद होतं, पण जागा माझी होती. मी महिनाभर तोंड वाकडं करून बसले. चिरंजीव आमच्या दोघींच्या मधे मूग गिळून गप्प. शेवटी तिनेच तोडगा काढला. यंत्र हलवलं नाही, आपलं टेबल त्याच्या काटकोनात लावलं आणि म्हणाली, "आई, उजेड दोघींना पुरेल." पुरला खरा.

एकदा मी तिला ऐकवलंच, "रंग काय, पोरंही भरतात." तिने वाद घातला नाही. खुर्ची ओढली, मला बसवलं आणि पडद्यावरचं ड्रॉइंग दाखवलं. जमिनीवरचा एक मीटर म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर, असं त्याचं प्रमाण ठरलेलं होतं. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना हे प्रमाण सांडतं म्हणाली, काठोकाठ भरलेलं पातेलं या हातातून त्या हातात देताना हिंदकळावं तसं. फोटोच्या सॉफ्टवेअरला मीटर समजत नाही, फूट समजत नाही. त्याला समजतात फक्त ठिपके. किती ठिपक्यांचा एक सेंटिमीटर, ते आधी सांगावं लागतं. कागद केवढा तेही सांगावं लागतं. आणि एक इवलासा चौकोन असतो, 'कागदात बसवा' असा, त्यातली बरोबरची खूण आठवणीने काढून टाकावी लागते. ती राहिली की यंत्र आपलं शहाणपण वापरून सगळं चित्र जरासं आक्रसून घेतं. डोळ्यांना फरक दिसत नाही. माप मात्र गेलेलं असतं.

हे मला चटकन पटलं. धुतल्यावर कापड आटतं आणि न धुता बेतलं तर कोट गिऱ्हाइकाच्या मनगटाच्या वर चढतो, हे मला कुणी शिकवायला नको.

ती खूण एकदा तिच्या हातूनही राहिली होती. नोकरीचं पहिलं वर्ष, एका छोट्या दवाखान्याचा नकाशा. रंगवला सुंदर, पण आक्रसलेला. सुताराने मापं घ्यायची ती काळ्या रेषांच्या ड्रॉइंगवरून, तर त्याला रंगीत कागद आवडला. त्याने पट्टी लावली आणि त्याच मापाने औषधं द्यायचा लाकडी ओटा केला. बसवायला गेले तर ओटा संपून भिंतीपर्यंत वीतभर फट. मांजर आरामात जाईल एवढी. तिचे आर्किटेक्टसाहेब सुतारावर ओरडले. सून स्वतः उठून सुताराच्या दुकानात गेली, त्याला म्हणाली चूक माझी आहे, आणि परत येऊन साहेबांनाही तेच सांगितलं. त्या दिवसापासून कुठलंही ड्रॉइंग आत आलं की ती रंगाला हात लावत नाही. आधी एक दार शोधते. दार नव्वद सेंटिमीटरचं, म्हणजे कागदावर अठरा मिलिमीटर. तेवढं भरलं तर पुढे जायचं, नाहीतर सगळं पुसून पहिल्यापासून. मग काळ्या रेषांचा थर सगळ्यात वर ठेवायचा आणि त्याला कुलूप लावायचं, म्हणजे रंग भरताना एकही रेष काडीभर सरकत नाही. पर्समध्ये कायम एक तीन कडांची पट्टी, स्केल, प्रत्येक कडेवर वेगळं प्रमाण. त्यावरून ते नाव पडलं.

आता बाजाराची गोष्ट.

आमच्या घरापासून चार पावलांवर भाजीबाजार आहे. छप्पर गळकं, गटार उघडं, गल्ल्या अशा की एकाने शिंक दिली तर दुसऱ्याने मागे सरावं. तो पाडून नवा बांधायचं ठरलं आणि काम सुनेच्या साहेबांकडे आलं. पण अट अशी होती की गाळेवाल्यांनी सभेत हात वर करून होकार दिला तरच पुढे जायचं. आणि गाळेवाले पोळलेले होते. मागे बसस्टँड नवीन बांधलं तेव्हा असेच फलक लावले होते; फलकावर मैदानासारखी प्रशस्त जागा, आणि बांधून झाल्यावर दोन माणसं पिशव्या घेऊन समोरासमोर आली की एकाला बाकावर चढावं लागे. त्यामुळे चित्र म्हटलं की बाजाराच्या कपाळाला आठी. त्यांची म्होरकी संत्रीवाली. बाई उंचीने बेताची, पण आवाज बाजाराच्या या टोकाकडून त्या टोकाला. जिभेला हाड नाही.

सून तिला जाऊन भेटली. भाजी घेताना मी होते बरोबर. सून म्हणाली, "फलक मी करणार आहे. त्यात दिसेल तेवढंच तुम्हाला मिळेल, हा माझा शब्द."

संत्रीवाली म्हणाली, "शब्द काय गं, बसस्टँडवाल्यांनीही दिला होता. त्यांच्या चित्रात आम्ही होतो कुठे? टाय घातलेली काडीपैलवान माणसं नुसती मोबाइलवर बोलत उभी."

"माझ्या चित्रात तुम्हीच असाल."

आणि सुनेने ते केलं. एक लांब काठी घेतली, तिच्यावर रंगाने खुणा केल्या, आणि बाजारात भिंतीशी एकेकाला काठीच्या शेजारी उभं करून फोटो काढले. संत्रीवाली, तिची गाडी, बटाटेवाला, त्याची गाडी, डोक्यावर पाटी घेतलेल्या बायका, कडेवर पोर असलेली एक गिऱ्हाईक. मलाही उभं केलं, रोजचं गिऱ्हाईक म्हणून. मी आपली ताठ उभी राहिले. घरी आल्यावर पडद्यावर वाचून म्हणाली, "आई, एकशे बावन्न."

मी म्हटलं, "काहीतरीच काय! मी एकशे सत्तावन्न आहे."

"असाल एकेकाळी."

आख्ख्या गावाची मापं घेतली मी, आणि माझं माप आज सुनेने घ्यावं! मी टेप काढली, चिरंजीवांना बोलावलं, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले. एकशे बावन्न भरले. वय माणसाला कुठून कापतं ते दिसत नाही. हसू दाबताना सुनेचे कान लाल झालेले मी पाहिले.

मग तिने ड्रॉइंग आत आणलं. बाजार मधोमध उभा कापला तर आत काय दिसेल, तसं ते ड्रॉइंग होतं. छप्पर, खांब, दोन्ही बाजूंना गाळे आणि मधे गल्ली. दार मोजलं, अठरा मिलिमीटर भरलं. रंग भरले. मग फोटोतली माणसं कातरून एकेक करून आत उभी केली, प्रत्येक आपापल्या उंचीची. मी कागदावर तीस मिलिमीटर आणि वर केसभर. दोन गाड्या गल्लीत समोरासमोर ठेवल्या, बाजारात रोज येतात तशा.

आणि तिथेच ती अडली. गल्ली एकशे ऐंशी सेंटिमीटरची. एक गाडी पंचाण्णवची, दुसरीही तेवढीच. गणित मला पाठीमागे भाजी निवडताना तोंडी आलं. दोन्ही गाड्या एकमेकींत घुसलेल्या दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी तिने ते साहेबांना दाखवलं. साहेब माणूस वाईट नाही. हाताखालच्यांची आजारपणं लक्षात ठेवतात, आवाज चढवला तर दुपारपर्यंत स्वतःच उतरवतात. पण त्या बाजाराच्या दर्शनी भागात त्यांनी उंच खांबांचा एक मोठा सज्जा आखला होता आणि त्याच्यावर त्यांचा भारी जीव. फलक बघून म्हणाले, "फार कोंदट वाटतंय. माणसं जरा लहान कर. पंच्याऐंशी टक्के. गाड्याही."

हे त्यांनी काही नवीन सांगितलं नव्हतं. त्या धंद्यात सगळेच करतात म्हणे. भिंती आहेत तेवढ्याच ठेवायच्या, माणसं थोडी बारकी करायची, की खोली आपोआप ऐसपैस दिसते. रेषा खोटी नसते, माप खोटं नसतं. नुसती माणसं छोटी.

सुनेने नाही म्हटलं.

साहेबांनी ऐकून घेतलं, मग थंडपणे सांगितलं, की उद्यापर्यंत विचार कर. नसेल जमत तर फलक फिल्टरवाल्याकडे देतो आणि सभेत समजावून सांगायलाही तोच उभा राहील. फिल्टरवाला म्हणजे शेजारच्या टेबलावरचा. कुठल्याही चित्रावर सोनेरी ऊन पसरून मोकळा होतो. आणि सभेत उभं राहणं, हे सून कितीतरी वर्षं मागत होती. चित्र ती करायची आणि लोकांसमोर दुसराच कुणीतरी काठी घेऊन उभा. या वेळी साहेबांनी कबूल केलं होतं की तूच सांग. ते आता हातचं जाणार होतं. आणि संत्रीवालीला दिलेला शब्दही.

घरी आली ती थेट ओट्याशी. भाजी चिरायला घेतली आणि चिरतच राहिली, आम्ही तिघं आणि भाजी अख्ख्या आळीला पुरेल एवढी. मी सुरी काढून घेतली तेव्हा सगळं बोलली.

खरं सांगते, माझं पहिलं मत साहेबांच्याच बाजूने पडलं. मी म्हटलं, "अगं, कर की चार माणसं लहान. कुणाचं काय जातंय? चित्रच ते. चालून आलेली संधी अशी लाथाडतात का?"

ती उठली, मला पडद्यासमोर घेऊन गेली. माझ्या चित्राचा कोपरा धरला आणि आत ओढला. मी एकशे एकोणतीसवर आले. माझ्याभोवतीचा बाजार भराभरा मोठा झाला. गल्लीत वारा खेळू लागला, दोन्ही गाड्या एकमेकींना टाटा करत निघून जातील असं वाटायला लागलं. बघायला छानच होतं, आणि त्याचाच मला संताप आला. पाच सेंटिमीटर वयाने नेले ते नेले, त्यात आता ही भर.

सून म्हणाली, "आई, ट्रायलला कोट घट्ट झाला तर तुम्ही गिऱ्हाइकाला काय सांगायचात? पोट आत घ्या?"

"छे! शिवण उसवायचे."

"मग?"

मी तिला म्हटलं, "जा. उद्या सांग त्यांना. वर आणखी काही बोलले तर मी येते."

"तुम्ही नका येऊ," ती घाईघाईने म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना सांगितलं ते मला शिपायाकडून कळलं. आता तो घरात येऊन चहा पितो. ती म्हणाली, "साहेब, माणसं मला लहान करता येणार नाहीत. गल्ली तुम्हाला मोठी करता येईल." सगळं ऑफिस टाइप करायचं थांबलं. साहेब लालबुंद. "जागा काय आभाळातून आणू?" तेव्हा ती म्हणाली, "एकदा बाजारात चला. गल्ली जमिनीवर आखते. दोन गाड्या समोरासमोरून गेल्या तर मी स्वतः माणसं लहान करीन आणि पुन्हा सभेत उभं राहायचं नाव काढणार नाही."

साहेबांना पैज आवडते. आले.

टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं म्हणून सुनेने मला बोलावलं, येऊ नका म्हणणारीनेच. दुपारची वेळ, बाजार सुस्तावलेला. तिने चुन्याच्या भुकटीने दोन सरळ रेघा ओढल्या, मधे एकशे ऐंशी. रेघांवर भाज्यांच्या रिकाम्या टोपल्या रचल्या, गाळ्यांच्या जागी. एका बाजूने संत्रीवाली आपली भरलेली गाडी घेऊन उभी राहिली. दुसरी गाडी बटाटेवाल्याची. पण तो जेवायला गेला होता, म्हणून सुनेने साहेबांकडे बघितलं. साहेबांनी बाह्या सरसावल्या. म्हणाले, "बघतोच."

दोघंही निघाले. साहेबांना गाडी सरळ ढकलता येईना, ती आपली बाजूला पळे. मधोमध आले आणि एका चाकाचा तुंबा, तो मधला फुगीर गड्डा, दुसऱ्या चाकाच्या तुंब्याला भिडला. साहेबांनी जोर लावला. टोपल्यांची भिंत पडली, संत्री घरंगळली, आणि साहेब गाडी आणि टोपल्यांच्या मधे असे अडकले की ना पुढे ना मागे.

"साहेब, मागे घ्या की," संत्रीवाली म्हणाली. "का आता इथेच बिऱ्हाड थाटायचंय?"

सगळा बाजार हसला. मीही हसले, तोंडाला पदर लावायचंही भान राहिलं नाही. पण सून हसली नाही. ती वाकून संत्री गोळा करत होती. साहेब कसेबसे बाहेर आले, शर्टाची बाही चाकाच्या वंगणाने काळी. मला वाटलं आता स्फोट होणार. त्यांनी मात्र रुमालाने कपाळ पुसलं, दोन्ही रेघांच्या मधे परत जाऊन उभे राहिले, हात पसरून बघितले. मग सुनेला विचारलं, "किती पाहिजे?"

"अडीच मीटर. पाटीवाली बाई कडेने जाईल एवढं धरून."

त्यांनी नकाशाचा कागद उलगडला आणि सज्ज्यावर बोट ठेवलं; ती जागा सोडली तरच गाळे सरकून गल्ली रुंदावत होती. मग स्वतःशीच म्हणाले, "म्हणजे माझे खांब गेले." आणि खिशातून पेन्सिल काढून तिथेच, संत्र्यांच्या गाडीवर कागद ठेवून, तो दर्शनी सज्जा त्यांनी स्वतःच्या हाताने खोडला. त्या माणसाबद्दल माझं मत त्या क्षणी एकदम वर गेलं. आपण जीव लावून बेतलेलं आपणच उसवायचं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे.

सगळी ड्रॉइंग नव्याने काढली गेली. सभा तोंडावर. फिल्टरवाला म्हणाला, "जुन्याच चित्रातली गल्ली ताण ना थोडी, कुणाला कळतंय?" सुनेने त्याला ताणून दाखवली. गल्लीबरोबर बटाटेवालाही ताणला गेला आणि त्याच्या तोंडाचा बटाटा झाला. मग नव्या ड्रॉइंगवर झाडं लावायला फिल्टरवाल्यानेच मदत केली, हेही सांगायला हवं. सुनेने सगळं पहिल्यापासून केलं. कागदाचं माप, ठिपके, ती खूण काढणं, आणि मग दार. अठरा मिलिमीटर. मी मागे माझ्या यंत्रापाशी बसून बघत होते. एवढी निगुतीने बसलेली बाई मी आमच्या घरात फक्त आरशात पाहिलेली.

सभा शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये होती. फलक भिंतीला उभे केलेले, त्यांच्यावर कापड. गाळेवाले झाडून आले होते, बायका पुढे, पुरुष मागे भिंतीला टेकून. प्रास्ताविक म्हणून आधी साहेब बोलायला लागले, उजेड, हवा, पाण्याचा निचरा, सगळं बरोबरच होतं. पण मागून कुणीतरी ओरडलं, "चित्रं सगळेच छान काढतात!" आणि एकच गलका झाला. बसस्टँड, बसस्टँड, ऐकू येऊ लागलं. मला वाटलं, आता हातची सभा उधळते.

साहेब थांबले. माइक खाली घेतला आणि सुनेकडे धरला. म्हणाले, "ज्यांनी माणसं मोजली त्याच सांगतील."

ती उठली. पहिल्या वाक्याला आवाज कापला, मी दाताखाली ओठ धरला. तिने माइक टेबलावर ठेवूनच दिला आणि कापड ओढलं. "मी काही सांगत नाही," ती म्हणाली. "पुढे या आणि आपापल्याला शोधा."

मग संत्रीवाली उठली. फलकाच्या अगदी जवळ गेली, डोळे बारीक केले. "अगं बाई! ही मी?"

"तुम्हीच."

"एवढी बुटकी?"

"आहात तेवढ्या. एकशे अठ्ठेचाळीस."

"आणि ही माझी गाडी. आणि हा..." तिने मागे वळून हाक मारली, "अरे ए बटाट्या, ये इकडे, तुझं पोटसुद्धा घेतलंय!"

मग काय, सगळी सभा फलकापाशी. कोण आपली टोपली ओळखतंय, कोण आपल्या सासूला. पाटीवाल्या बाया एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. सुनेने पर्समधून तिची पट्टी काढून संत्रीवालीच्या हातात दिली आणि कुठली कड लावायची ते दाखवलं. संत्रीवालीने दोन्ही गाड्या मोजल्या, मधली फट मोजली, गल्ली मोजली, मग पट्टी दुसरीच्या हातात दिली. पट्टी हॉलभर फिरली. ज्याला मोजता येत होतं तो मोजत होता, ज्याला येत नव्हतं तो दुसऱ्याला मोजायला लावत होता. माझी सून बाजूला उभी राहून विचारेल त्याला सांगत होती, आवाज आता अजिबात कापत नव्हता, आणि साहेब तिच्या मागे हाताची घडी घालून उभे होते. मला इतका अभिमान वाटला की छातीत दुखतंय की काय अशी शंका आली.

मंडळी परत जागेवर बसली. गाळेवाल्यांच्या वतीने हात मोजायला एक लसूणवाला उभा राहिला. "ज्यांना मंजूर असेल त्यांनी हात वर करा."

संत्रीवालीचा हात पहिला. मग पुढची रांग. मग मागच्या भिंतीचे एकेक करत सगळे. ज्याने चित्रांवरून आवाज टाकला होता त्याचाही, जरा उशिराने. लसूणवाला बोट दाखवत, ओठ हलवत मोजत पुढे आला आणि माझ्यापाशी थबकला.

"मावशी, तुमचा गाळा कुठला?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, माझाही हात वर होता. कधी गेला ते मलाच माहीत नाही. सगळे वळून बघायला लागले. समोरून सून डोळ्यांनी खुणावत होती, आई, खाली घ्या.

"माझा गाळा नाही," मी म्हटलं, चांगलं सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं. "ती स्केलबाई माझी सून आहे."

लसूणवाल्याने मला मोजलं नाही. पण हात खाली घ्या, असंही तो म्हणाला नाही.